हलकी पिशवी

हडपसर, पुणे
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

चंपा, जय भीम.

मी बरी आहे. तू कशी आहेस ते विचारत नाही. कात्रजला लेकीकडे बसून आयतं खातेस, म्हणजे ठीकच असशील. गुडघ्याला तेल लावतेस की नाही, तेवढं कळव.

पत्र लिहायचं कारण, तू माझा फोन उचलत नाहीस. चार वेळा केला. पाचव्यांदा करणार नाही. व्हॉट्सॲपवर बोलायचं तर नातवाकडून, रोहनकडून लावून घ्यावं लागतं, आणि हे त्याच्या कानावर जायला नको. चौथीपर्यंतच शाळा पाहिली आहे मी, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझं काही मोत्याचं नाही.

पिशवी कालपर्यंत विहारात खिळ्यालाच होती. तू अडकवून गेलीस तशीच. धूळ बसली होती.

तीस वर्षं दर शनिवारी तू ती गल्लीत फिरवलीस. प्रत्येक घरानं एक मूठ तांदूळ घालायचा, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असतात तेव्हा विहाराच्या अभ्यासिकेतल्या पोरांना डाळभात वाढायचा. गादीचं जाड कापड, आवळलेलं तोंड. हात मनगटापर्यंत आत घालायचा, मूठ आतच उघडायची, आणि पिशवी धरणारीनं त्या वेळी दाराच्या चौकटीकडे बघायचं. कोणी किती घातलं ते कोणाला कळायला नको. हा नियम मी केला असं मी सगळ्यांना सांगत आले.

पिशवी पावसाळ्यापासून हलकी व्हायला लागली, हे तर तूही मान्य करशील. आधी तू ती काखेला मारून आणायचीस तेव्हा एका अंगाला वाकायचीस. ऑगस्टात सरळ चालत आलीस. मी तेव्हाच ओळखलं, काहीतरी आहे. गल्लीतली आयटीवाली पोरं जयंतीला पोती आणून फोटो काढायची, ती आता "आजी, यंदा बजेट नाही" म्हणतात. गाडी मात्र रोज धुतलेली. मला त्यांचाही संशय होता, किराणावाल्याचाही होता. पण पिशवी तुझ्या हातात होती.

त्या दिवशी विहारात मी जे बोलले ते तुला पाठ असेल. अकरा बायका बसल्या होत्या. मी म्हटलं, "चंपा, पिशवी आधी तुझ्या घरी जाते का?" तू पिशवी खिळ्याला लावलीस, चप्पल घातलीस, गेलीस ती थेट कात्रजला. मला वाटलं, खरी असती तर भांडली असती. मी असते तर भांडलेच असते.

मग मी काय केलं ते ऐक. दुकानातून गोळ्यांची रिकामी प्लॅस्टिकची बरणी आणली. आरपार दिसणारी. म्हटलं, आता बघू कोण लपवतं. पहिल्या शनिवारी बरणी काठोकाठ भरली. माझ्यासमोर लोक दोन-दोन मुठी घालायला लागले. मी दिगंबरभाऊंना ऐकवलं, "बघा, अध्यक्ष असून तुम्हाला सुचलं नाही ते." ते म्हणाले, "सरुबाई, पुढचा शनिवार बघा आणि मग बोला." टपालखात्यात जन्म गेला, तारेतल्यासारखे शब्द काटकसरीनं वापरतात.

पुढच्या शनिवारी निम्मी दारं बंद. आतून टीव्ही ऐकू येतोय, कुकरची शिट्टी होतेय, आणि दार कोणी उघडत नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी बरणी अर्धीही भरली नाही. रविवारी तिसेक पोरं आली. डाळीत पाणी वाढवलं, भात पंधरा जणांना पुरला. अक्षता म्हणून एक परभणीची पोर आहे, पोलीस भरतीची तयारी करते. ताट घेऊन उभी राहिली, पातेलं बघितलं आणि म्हणाली, "आजी, माझा उपास आहे." रविवारी कसला उपास? मी तिला तसं म्हटलंही. ती हसली आणि ताट धुवून ठेवून गेली. न खाल्लेलं ताट.

आता घरचं सांगते. तेच सांगायला बसले होते, हात दुसरीकडेच वळत होता.

जुलैपासून आमच्या घरचा भात धड शिजत नव्हता. एका घासात गाळ, दुसऱ्यात कणी. मी निकिताला रोज बोलायचे. नातसून शिकलेली आहे, पण भाताचं पाणी कळत नाही, असं शेजारीपाजारी सांगून झालं होतं. ती खाली मान घालून ऐकायची. आणि तू गेल्यापासून भातच बंद झाला. सकाळी उपमा, संध्याकाळी भाकरी. रोहन म्हणाला, "आजी, मी कार्ब्स सोडलेत." मला वाटलं, ही तांदूळ माहेरी पाठवते.

परवा ती बाहेर गेली तेव्हा मी तांदळाचा डबा उघडला. हो, झडती घेतली. तळाशी दोन मुठी होत्या. चष्मा लावून ताटात पसरल्या. चंपा, त्यात इंद्रायणी होता, कोलम होता, बासमतीचा तुकडा होता, रेशनचा जाड होता. असा तांदूळ पुण्यातल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. तो फक्त आपल्या पिशवीत मिळतो. वीस घरांचा तांदूळ एका पाण्यात कसा शिजेल?

निकिता आली तेव्हा ताट समोरच होतं. तिनं बघितलं आणि हातातल्या बाजाराच्या पिशव्या खाली ठेवल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जुलैपासून. रोहनला कंपनीनं काढलं. राजीनामा लिहून घेतला."

"आणि रोज डबा घेऊन जातो तो?"

"लायब्ररीत बसतो. अर्ज भरतो. तुम्हाला सांगू नको म्हणाला. माझा सगळा पगार बुक केलेल्या फ्लॅटच्या हप्त्यात जातो, आजी."

"चंपाला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. एका शनिवारी माझा हात पिशवीत गेला तो निघेचना. मावशी चौकटीकडे बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, बाहेर काढताना मूठ मिटलेली ठेव, सांडतात दाणे. मग दर शनिवारी चार-पाच मुठी काढत गेले."

सांगताना ती रडली नाही. मला ते आवडलं.

म्हणजे अकरा बायकांसमोर मी तुला विचारलं तेव्हा तुझ्याकडे उत्तर होतं. "तुझ्याच घरी जाते," एवढंच म्हणायचं होतंस. मी तुझ्या जागी असते तर म्हटलं असतं, आणि वर चार शब्द जास्त लावले असते.

काल रविवारी वंदना झाल्यावर मी उभी राहिले. त्याच अकरा जणी होत्या. निकिताचं नाव घ्यायचं नव्हतं. ती उद्या त्याच नळावर पाणी भरणार आहे. मग माझंच काढलं. म्हटलं, "शहाण्णव साली आमच्या ह्यांच्या कंपनीत टाळेबंदी झाली. आठ महिने. तेव्हा चंपा पहिल्यांदा पिशवी घेऊन माझ्या दारात आली. मी रिकामी मूठ आत घातली आणि भरलेली बाहेर काढली. एकदा नाही, पावसाळा संपेपर्यंत. ती चौकटीकडे बघत राहिली. नियम तिचा आहे. मी इतकी वर्षं माझा म्हणून सांगितला, कारण तिचा म्हटलं असतं तर तो का केला हेही सांगावं लागलं असतं. तिनं एक दाणा घरी नेलेला नाही."

 दोघी जमिनीकडे बघत होत्या. तिसरीनं पदर तोंडाला लावला. दिगंबरभाऊ खोकले. मला बसायला सांगायचं कोणाला सुचलं नाही, म्हणून मी आपली आपणच बसले.

मला अजून संशय आहे की आमचं एकच घर नव्हतं. दहा तरी असतील. त्या गाडी धुणाऱ्यांतलंही एखादं असेल. किती आणि कोण, ते मला सांगू नकोस. मी विचारलं तरी सांगू नकोस. माझी खोड तुला माहीत आहे.

बरणीत मी मीठ भरलं. पिशवी धुऊन वाळत घातली आहे, एका शिवणीला टाका घालायचा आहे, तो आज घालते. रेशनवाल्या घरांची मूठ अजून येते, त्यांनी कधी थांबवलीच नव्हती. तेवढ्यावर पंधरा पोरं जेवतात. बाकीच्या पंधरांसाठी बंद दारं उघडायला हवीत, आणि माझ्या हाकेला ती आता उघडायची नाहीत. तुझ्या हाकेला उघडतील.

माफी वगैरे मला लिहिता येत नाही. चौथीत शिकवली नव्हती.

शनिवारी ये. कात्रजहून हडपसरला बस आहे, जिना नाही, गुडघ्याचं कारण सांगू नकोस. पहिलं दार माझं घे. निकिता हात घालेल. तो किती वेळ आत राहतो आणि कसा बाहेर येतो, ते तुम्हा दोघींचं. मी आत बसलेली असेन. चौकटीकडे बघत.

सरू