इटालियन अल्बमच्या दोनशे प्रती

१४ ऑक्टोबर २००८, मंगळवार. सकाळी १०.४०
एकसष्टाव्या प्रतीवर मार्कर फिरवत होतो, तेवढ्यात थॉमससरांनी सगळ्यांना गोडाऊनच्या दाराशी बोलावलं. मालकाचा निरोप. बाजार बसलाय, अकरा माणसांची वर्षअखेर सहा होणार. कोण ते नंतर. परत येऊन बासष्टावी घेतली.

माल : एका इटालियन जोडीचा पहिला अल्बम. नाचायची गाणी, सगळी सिंथेसायझरवर. सीड्या २००. कव्हरवर दोघं पोहण्याच्या तलावाकाठी पाठमोरे बसलेत, कमरेपर्यंत उघडे. एकाचे केस खांद्याखाली, दुसऱ्याचे अगदी बारीक कापलेले. सरकारी परवानगीच्या कागदावर एकच ओळ : बाईची पाठ झाकावी. म्हणजे वेष्टन फाडायचं, कव्हर बाहेर घ्यायचं, झाकायचं, वाळवायचं, परत आत, मशीनवर नवं वेष्टन. बाकीचे नुसता चौकोन मारतात. मी आधी केसांची कड सोडून बारीक टोकाने रेघ आखतो, मग भरतो. नीट ब्लाउज होतो.

परदेशी सीड्यांचं रॅक माझ्याकडे, हिंदीचं इरफानभाईकडे, हैदराबादचा. बघत उभा राहिला. "क्या मियाँ, सीडी बेच रहे कि शादी का जोड़ा सी रहे?"

१६ ऑक्टो., गुरु.
बाबा फुजैराच्या बंदरातल्या नोकरीवरून आले. तेल भरायला येणारी जहाजं कमी झालीत म्हणे. जेवताना विषय माझाच. वय एकवीस, बारावी दोनदा नापास, शिकत नाही, म्हणून बाबांच्या व्हिसावर राहता येत नाही. कंपनीचा व्हिसा गेला की तीस दिवसांत देश सोडायचा. मग मिरजेला आत्याकडे. मिरजेत मी सगळे मिळून पाच आठवडे राहिलोय. जन्म इथला, आखातातला.
बाबा : "काम चोख ठेव. चुकणारा पहिला जातो."
आई : "जेवू द्या हो त्याला."

१९ ऑक्टो., रवि.
२०० पूर्ण. एकही डाग रेघेबाहेर नाही. खोक्यांवरच्या चिठ्ठ्यांवर सही माझी. १२० चार दुकानांत गेल्या, ८० गोडाऊनमध्ये.

८ नोव्हें., शनि.
मुक्ता लॅपटॉपवर याच जोडीचा व्हिडिओ बघत होती. लांब केसवाल्याला दाढी.
"हा कोण?"
"दॅट्स द गाय, दादा."
"आणि बाई?"
"द वन विथ शॉर्ट हेअर. ऑब्व्हियसली."
आवाजावरून कळलं नसतं, दोघांचेही मशीनमधून काढलेत.
दोनशे प्रतींवर मी पुरुषाला ब्लाउज घातला. बाई तशीच.
जेवलो नाही. आईला पोट दुखतंय सांगितलं.

९ नोव्हें., रवि.
सांगायला थॉमससरांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. गेल्या वर्षी एका पोस्टरवर झाकायचं राहिलं होतं. दंड कंपनीला, विमानाचं तिकीट त्या माणसाला. परत फिरलो.
गोडाऊनमधल्या ८० पुन्हा उघडायला घेतल्या. बाईलाही घालतोय. आता दोघंही काळ्यात.
दुकानांच्या १२० पैकी ९ विकल्या गेल्या, १११ रॅकवर. परत मागवायच्या तर कागद लागतो, कागदावर कारण लागतं. विकत घ्यायला कागद लागत नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
दोन दुकानं, ११ प्रती. एक ४५ दिरहॅमला, म्हणजे ५८५ रुपये.

२१ नोव्हें., शुक्र.
१४ प्रती. काउंटरवर फिलिपिनो बाई.
"सर, ऑल सेम?"
"वेडिंग. रिटर्न गिफ्ट."
"युवर वेडिंग, सर?"
"सिस्टर्स."
"ओ, काँग्रॅच्युलेशन्स!" प्रत्येक सीडीला वेगळी पिशवी दिली.

२८ नोव्हें., शुक्र.
२० प्रती. माझे संपले. बाबांकडून १,५०० घेतलेत, कॉम्प्युटर कोर्स म्हणून. तरी कमी पडणार होते. काल इरफानभाईने ३०० काढून दिले. कशाला, विचारलं नाही. "लड़की का चक्कर है तो बोल, और देतूँ."
प्रती पलंगाखालच्या बॅगेत. एक लावून बघितली. तिसरं गाणं बरं आहे.

५ डिसें., शुक्र.
१९ प्रती. एकूण ६४. पैसे संपले. दुसऱ्या कुणी मिळून ३ घेतल्यात. दुकानांत अजून ४४ आहेत, काही करता येत नाही.

१४ डिसें., रवि.
थॉमससरांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, सापडलं. त्यांच्या हातात विक्रीचा तक्ता.
"पूरे गोडाऊन में एक ही आइटम भाग रहा है. तेरा इटालियन."
तीन दुकानांनी पुन्हा मागवलाय. ८० आजच पाठवायच्या. मालक आणखी ५०० मागवतायत.
"सर, वो..."
"खलास. तू सेफ है, इन्शाल्ला. जा, काम कर."

२१ डिसें., रवि.
काढायच्या पाच जणांची यादी लागली. इरफानभाई आहे. नऊ वर्षं झाली त्याला इथे. आमच्या दोघांतला एकच ठेवायचा होता, म्हणून थॉमससरांनी आकडे मांडले. ऑक्टोबरपासून त्याच्या रॅकवरून ५८ सीड्या गेल्या. माझ्या त्या एका अल्बमच्या ७६. त्यातल्या ६४ माझ्या पलंगाखाली आहेत. बाकी माझ्या रॅकवरचं काहीच गेलं नाही.
५८ आणि १२. परत परत मांडून पाहिलं, तेच येतं.
हिंदी कपाटाच्या किल्ल्या त्याने मला दिल्या. "अच्छा हुआ तू बच गया मियाँ. तेरे अंग्रेज लोगाँ चल रहे."
मी म्हणालो, "इटालियन."

२६ डिसें., शुक्र.
घरीच. आईने विचारलं, नोकरी राहिली तरी तोंड का असं. बाबांनी फुजैराहून फोनवर शाबासकी दिली. कोर्स कसा चाललाय, विचारलं. चांगला, म्हणालो.

४ जाने. २००९, रवि.
५०० आल्या. कागदावर तीच ओळ. आज ३८ केल्या, या वेळी ब्लाउज बारीक केसांच्या बाईलाच. मागच्या ८० पैकी दुकानांत २ विकल्या गेल्यात. थॉमससर म्हणतात, सुट्ट्यांमुळे.

११ जाने., रवि.
इरफानभाई कागद न्यायला आला होता. विमान १८ ला. त्या ३०० चं त्यानेच काढलं, हसत. "जाने के पहले दे दे मियाँ, बच्चियों के वास्ते चॉकलेट लेना है." गुरुवारी देतो म्हणालो.
तो गेल्यावर केबिनमध्ये गेलो. दार लावलं.
"सर, वो इटालियन की ६४ कॉपी..."
मालकांचा फोन आला. थॉमससरांनी हातानेच थांब म्हटलं. वीस मिनिटं उभा होतो. थॉमससर फोनवर सांगत होते, दुसरा लॉट या आठवड्यात बाजारात जातोय, माणूस भरवशाचा आहे.
फोन ठेवला. "हाँ, ६४ क्या?"
"कल बोलता हूँ, सर."
"कल मैं अबू धाबी. परसों बोल."
परवा मंगळवार, १३.

सीड्या ६४ × ४५ : २,८८०
बस, टॅक्सी : ८६
एकूण खर्च : २,९६६ दिरहॅम. रुपयांत ३८,५५८.
देणं : बाबा १,५००. इरफानभाई ३००.