अडणारं दार

प्रिय हेल्मी,

परवा पूर्ण दिवस तुझ्या कड्यावर होतो. धुकं इतकं होतं की समुद्र नुसता ऐकू येत होता, आणि वाफेच्या अंघोळीची ती बुटकी लाकडी खोली, तुमची सौना, चार पावलांवर येईपर्यंत दिसलीच नाही. तुमच्या फिनिश लोकांची रीतच आहे, जमीन घेतली की आधी सौना आणि मग घर. तुझ्या बाबांनी सौना बांधली आणि घर राहूनच गेलं, तुम्ही गावात धक्क्याजवळच्या भाड्याच्या खोल्यांत राहिलात. धुक्यात उभा होतो तेव्हा वाटलं, आत कुणीतरी तापल्या दगडांवर पाणी ओतलंय. क्षणभर मी दारावर टकटक करायला हातही उचलला. सहासष्टाव्या वर्षी असं काहीबाही ऐकू येत असावं.

घर बांधायच्या परवानगीची तुझी फाईल जमीन तपासायला माझ्याकडे आली त्याचीही गंमतच. नगरपालिकेतल्या ब्रेंडाला मी आधीच सांगितलं, की बाई, या अर्जदाराशी एके काळी माझं लग्न ठरत होतं, तेव्हा हे काम दुसऱ्या कुणाला द्या. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, “या बेटावर कुणाचं कुणाशी ठरत नव्हतं तेवढं सांगा. अर्जात त्यांनीच तुमचं नाव लिहून दिलंय. आणि ते वाक्य विसरू नका हं. मागे एका साहेबांनी चाळीस पानं लिहिली आणि वाक्यच नाही. दिली परत पाठवून.” ते वाक्य तुलाही आता पाठ झालं असेल: योजलेल्या वापरासाठी ही जमीन सुरक्षित आहे. जमीन सरकायची शंका असेल तिथं या वाक्याशिवाय वीटही रचता येत नाही. खाली सही-शिक्का लागतो आणि तो अहवाल जमिनीच्या कागदांना कायमचा जोडला जातो. चाळीस वर्षांत मी ते वाक्य शेकडो वेळा लिहिलं आणि निवांत झोपलो.

तुझ्या जागेत तीन ठिकाणी खोल भोकं पाडली. वर वाळू, खाली निळसर चिकणमाती, दोन्हींच्या मधून पाणी वाहतंय. कड्यावरच्या आल्डरच्या झाडांचे बुंधे सगळे मुळाशी समुद्राकडे कललेले आणि मग वर वळलेले. आपण त्यांना पाठ टेकून बसायचो तेव्हा ती आपल्यासाठीच वाकली आहेत असं तू म्हणायचीस. मीही मान डोलवायचो. मग मी सौनाच्या चौकटीला ओळंबा सोडला. चौकट दोन इंचांनी समुद्राकडे झुकली आहे. दार मात्र तिच्यात अगदी नीट बसतं, कारण ते दार आता चौकोनी राहिलेलंच नाही. तुझे बाबा दर वसंतात रंधा घेऊन ते तासायचे, आठवतं? सगळं गाव हसायचं, की आर्वोचं दार एक दिवस संपून जाणार. ते म्हणायचे, “लाकूड आहे, हिवाळ्यात पाणी पितं, फुगतं.” इतका पक्का सुतार माणूस, सगळं आयुष्य दाराला दोष देत राहिला.

त्र्याऐंशीच्या वसंतात ते दार मी धरलं होतं आणि ते तासत होते. तू खाली किनाऱ्यावर शिंपले वेचत होतीस. घर कुठं बांधायचं, खिडक्या कुठं ठेवायच्या, हे त्यांनी मला तासाभरात तीनदा दाखवलं. ती जागा ते आपल्याला लग्नात देणार होते. माझं लक्ष चौकटीकडे गेलं. नोकरीला लागून चारच महिने झाले होते, तरी कळलं, की दार फुगत नाही, जमीन समुद्राकडे सरकत चालली आहे. मी तसं बोललो. त्यांनी रंधा खाली ठेवला. “चार महिन्यांचा इंजिनिअर तू, मला माझी जमीन शिकवतोस? हेल्मीच्या आईनं आणि मी एकेक बुंधा हातानं उपटलाय इथला. जमीन नको असेल तर मुलगीही नको. आणि हेल्मीच्या कानावर हे गेलं तर याद राख.” मला धड खात्रीही नव्हती, सही करायचा अधिकार नव्हता. मी घाबरलो. उत्तरेकडच्या खाणीतली नोकरी धरली आणि तुला दोन ओळींची चिठ्ठी पाठवली, की मला बेटावर राहणं जमणार नाही. ती खोटी होती. मला तिथंच राहायचं होतं, तुझ्याबरोबर. त्या भित्रेपणाची लाज अजून वाटते.

अहवाल सोमवारी जाईल, म्हणून आज हे लिहितोय. ही जागा तुला पुन्हा एकदा माझ्याकडून नाकारली जाणार, आणि या वेळी कारण तुला ब्रेंडाच्या पाकिटातून कळू नये. बाबांनी दाखवलेल्या जागेसाठी मी ते वाक्य लिहू शकत नाही. पण कड्यापासून सत्तर मीटर मागे, तुझ्या आईच्या सफरचंदाच्या झाडांपाशी, चौथं भोक पाडलं. तिथं खाली घट्ट खडक आहे. तिथल्या घरासाठी वाक्य लिहिलं, सही केली, शिक्का मारला. माझा परवाना एकतीस डिसेंबरला संपतो, तेव्हा हा शेवटचाच. तिथून समुद्र दिसणार नाही, ऐकू मात्र येईल. सौना कड्यावर ठेवता येणार नाही. ओंडका ओंडका सुटा करून मागे न्यावी लागेल, आणि तुमच्या रीतीप्रमाणे घराच्या आधी. ओंडक्याचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल. जानेवारीपासून मी मोकळा आहे. ते दार तेवढं तासू नकोस, चौकट सरळ करून मी नवं बनवतो.

अजूनही तुझाच,
कॅलम