ती कोर्टवर नसताना

बाई, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी अजून दुसऱ्यांच्या मुलींचे गुण मोजते आहे. हॅलिफॅक्सला असते. नोकरी एका हॉस्पिटलच्या आकडेवारी विभागात. सुट्टीच्या दिवशी इथल्या एका युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमसाठी आकडे बघते, हौस म्हणून. तुम्ही विचारलं असतं, यात हौस कसली. गेला आठवडाभर मीही स्वतःला तेच विचारते आहे.

मागच्या गुरुवारी कोचने एक फाइल पाठवली. ओंटारिओतल्या एका छोट्या कॉलेजात खेळणाऱ्या एका मुलीला शेवटची दोन वर्षं आमच्याकडे येऊन खेळायचं होतं. टीममध्ये जागा एकच. "सोमवारी दुपारपर्यंत हो की नाही एवढं सांग," कोच म्हणाला. "लास्ट इयरसारखं नको." हसून म्हणाला, पण म्हणाला. गेल्या वर्षी सस्कॅचवानहून आलेल्या एका मुलीला मीच हो म्हटलं होतं. तिचे सगळे आकडे चांगले होते, फक्त ते एका संथ खेळणाऱ्या टीममधले होते, आणि आमच्या मुली धावतात. ख्रिसमसपर्यंत ती बाकावर बसून राहिली, जानेवारीत घरी गेली. तिचं एक वर्ष माझ्या एका ओळीत गेलं. तिने मला कधी दोष दिला नाही. त्या ओळीमागे मी आहे हे तिला माहीतच नव्हतं.

या नव्या मुलीचे जुन्या पद्धतीचे आकडे तुम्हालाही आवडले असते. सामन्याला सोळा गुण, आठ रिबाउंड. आता आणखी एक हिशेब करतात, तो तुमच्या वेळी नव्हता. खेळाडू कोर्टवर असताना टीम किती पुढे जाते आणि ती बाहेर बसली की किती, ते बघतात. हिच्या बाबतीत दिसत होतं की ती बाहेर बसली की टीम जास्त चांगली खेळते. शुक्रवारी सकाळी कामावर जाताना फेरीबोटीत बसून मी फोनवर लिहिलं, नको, गुण दिसतात पण टीमला मागे ओढते. बोट पलीकडच्या धक्क्याला लागायच्या आत मी मिनिटांचा रकाना पाहिला. चाळीस मिनिटांच्या सामन्यात ही मुलगी अडतीस मिनिटं खेळते. बाहेर असते ती दोन मिनिटं, बहुतेक शेवटची, निकाल ठरून गेल्यावर, समोरच्यांनीही राखीव मुली उतरवलेल्या असताना. तेवढ्यावरून मी तिचा निकाल लावायला निघाले होते. ओळ काढून टाकली. पण नाही चुकीचं ठरलं म्हणून हो बरोबर ठरत नाही, आणि मग दिवसभर हॉस्पिटलच्या आकड्यांतही मला तीच दिसत राहिली.

नागपूरला, शाळेच्या मागच्या सिमेंटच्या कोर्टवर, माझा घोटा मुरगळला होता तेव्हा तुम्ही मला वही देऊन बाजूला बसवलंत. एकाच मुलीकडे बघायचं, बॉलकडे नाही. मी बॉलकडेच बघत होते, सगळेच बघतात. खेळ थांबल्यावर तुम्ही वही न उघडता विचारलंत, "गेली चार मिनिटं ती कुठे होती?" मी कोर्टकडे बघायला लागले. "मग तू काय इथे ऊन खायला बसली होतीस का गं?" मुली हसल्या. संध्याकाळी तुम्ही मला क्वार्टरवर बोलावलंत. तुम्ही मेथी निवडत होतात, मी वही वाचून दाखवत होते. प्रत्येक नोंदीला तुमचा एकच प्रश्न, हे पाहिलंस की नुसतं गृहीत धरलंस? मी गोंधळते, तुम्ही काड्या बाजूला टाकत राहता, मान वर करत नाही. निघताना तुम्ही मला एक पेन्सिल दिलीत. तिच्या टोकाचं रबर ब्लेडने कापून काढलेलं होतं. चुकलं तर रेघ मार, म्हणालात, पुसू नकोस.

शनिवारी किचनच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी त्या मुलीचे चार सामने तसे पाहिले, बॉल सोडून. माझी लेक वाटीत सिरियल घ्यायला आली, थोडा वेळ मागे उभी राहिली. "आई, देअर्स नथिंग हॅपनिंग. शी इज जस्ट स्टँडिंग देअर."

"तेच लिहितेय."

"यू नीड अ हॉबी."

"हीच आहे."

ती खरंच नुसती उभी होती. सामन्याच्या पहिल्या दोन क्वार्टरमध्ये ती बास्केट करून सगळ्यांच्या आधी बचावाला परत येते. तिसऱ्यात चालत येते. चौथ्यात गुडघ्यांवर हात ठेवून अर्ध्या कोर्टवरच थांबते, आणि तिच्या जागेतून समोरच्या मुली सरळ आत जातात. चारही सामन्यांत तेच. आळस असेल, दमणूक असेल. मला व्हिडिओत दोन्ही सारखंच दिसत होतं, आणि दिलेल्या आकड्यांत तर ते दिसतही नव्हतं.

रविवारी कोचने तिच्याशी व्हिडिओ कॉल ठेवला होता. मी सहसा बोलत नाही. शेवटी कोचने मला विचारलं, काही आहे का. मी म्हटलं, तिसऱ्या क्वार्टरनंतर तू मागे का येत नाहीस? मला वाटलं, संपलं, आता ही काहीतरी पाठ केलेलं सांगेल. मग ती म्हणाली, "तुम्ही तेवढं पाहिलंत?" आणि मग, "टीममध्ये आम्ही सातच जणी आहोत. मी बदली मागितली की म्हणतात, स्टार दमली." ती जराशी हसली. "तुमच्याकडे बसायला मिळतं का?"

कोच मोठ्याने हसला. मला हसू आलं नाही. बसण्यासाठी दोन प्रांत ओलांडायला निघालेली मुलगी मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ती खरं बोलते आहे असं मला वाटलं. पण गेल्या वर्षीची मुलगीही मला आवडली होती.

सोमवारी मी हो लिहिलं. अट घातली, सामन्याला चोवीस मिनिटं, जास्त नाही. खाली, आमच्याकडे तिचे किती गुण होतील तो आकडा द्यायचा असतो. मिनिटांच्या प्रमाणात दहा येतात. पण तिच्या छोट्या कॉलेजचा खेळ सोपा, आमचा युनिव्हर्सिटीचा अवघड. त्यातून किती वजा करायचं? तिच्या कॉलेजातून आमच्या लीगमध्ये आजवर कुणी आलेलं नाही. तुलनेला कुणीच नाही. मी लिहिलं, नऊ पूर्णांक चार. तासाभरात कोचचा फोन आला. "नाइन पॉइंट फोर. हे मला आवडतं. बाकीचे लोक मला म्हणतात, आय हॅव अ गुड फीलिंग." त्याने तिला त्याच दुपारी जागा दिली. तिने हो म्हटलं. ऑगस्टमध्ये तिची आई तिला गाडीने आणून सोडणार आहे, सोळा-सतरा तासांचा रस्ता. कोच आता तिच्यासाठी बाकीच्या मुलींच्या जागा बदलतो आहे, त्या आकड्याभोवती.

आज मंगळवार. हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहिता येतं आहे. कोचला सांगायला हवं, आणि मी सांगणार नाही असं दिसतं. बाई, नऊ हा माझा अंदाज होता. पूर्णांक चार मी नंतर लावले, हिशेब केल्यासारखा वाटावा म्हणून.