डाळिंबाचे सहा दाणे

मंगळवार, संध्याकाळ

सून शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. सध्या ग्रीक लोकांची एक गोष्ट शिकवून राहिली. पाताळाच्या राजाने एक पोरगी पळवली. तिची माय शेतीची देवी, तिने रागाने सगळी पिकं वाळवून टाकली. पोरगी सुटणारच होती, पण तिने तिथं डाळिंबाचे सहा दाणे खाल्ले. तिथलं खाल्लं की तिथलंच व्हावं लागे, म्हणून वर्षातले सहा महिने ती तिथलीच झाली.

सुनेने वर्गात विचारलं, काहून खाल्ले असतील? एक पोट्टी म्हणाली, "मॅडम, भूख लगी होगी." सगळा वर्ग हसला म्हणे. मले हसू नाही आलं.

मी विचारलं, "माय खाली गेली का पोरीचं घर पाहाले?"

"नाही आई. वरच शोधत फिरली, मग रुसून बसली."

"मग काय कामाची तुमची देवी."

मी बोलून गेली अन् तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मी तरी कोणती कामाची? माझी लेक इथंच, समता कॉलोनीत. लग्नानंतर मी एकदाच गेली तिच्याकडे. लेकीच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत, म्हणून पाण्याचा गिलास परत सारला. तिच्या सासूसमोर. त्यानंतर लेकीने बोलावलंच नाही. रीत होती, खरं आहे. पण गिलास धरलेला तिचा हात तसाच राहिला होता...

सहा दाणे. मी तर घोटभर पाणी नाही घेतलं.

उद्या जाते. पोहोचताच पाणी मागते. नाही दिलं तर तिच्याच नळाचं पिऊन येईन.