उतू जाणारा उत्साह

बजाजनगर,
३ मार्च २०२५

ती. मनकर्णा आत्यास,
सत्यमचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानात मशीन घालायला तू तयार नाहीस, म्हणून हा कागद. कंपनीत आमच्या लाइनवर काम करणारे चांदपाशा तुमच्या पडेगावचेच. त्यांच्या डब्याच्या पिशवीतून तो तुला मिळेल. उत्तरही त्यांच्याकडेच दे, पाकीट मात्र चिकटवून.

वाळूजला आमच्या कंपनीत सध्या उत्साहाची साथ आली आहे. रोज शिफ्टच्या आधी नवीन मोनिका मॅडम आम्हाला गोल उभं करतात. टाळ्या वाजवत तीनदा ओरडायचं, की आज आम्ही जोशात आहोत. मग ज्याचं त्याचं तोंड पुन्हा होतं तसं. आता वार्षिक शेरे आलेत. माझ्या हाताखालच्या अठरा जणांच्या उत्साहाबद्दल मराठीत एकेक ओळ लिहायची होती. मी अठरा वेळा 'उत्साही आहे' लिहिलं. मॅडमनी फॉर्म परत पाठवले, वर माझ्यातच उत्साह दिसत नाही म्हणाल्या.

हसू नकोस. या शेऱ्यांवरून एकाला कायम करणार आहेत. हक्कानं ती जागा चांदपाशांची. अकरा वर्षं कंत्राटावर आहेत, त्यांच्या हातचा एक पार्ट कधी खराब म्हणून परत आला नाही. पण माणूस टाळी वाजवत नाही. तू तीस वर्षं पोरांना शेरे दिलेस, मला जरा शब्द दे.

लोभ आहेच, तो पत्रोत्तरातून दिसावा.
तुझा सत्यम

पडेगाव,
६ मार्च २०२५

चि. सत्यमास,
अ. उ. आ.

मराठीच्या बाईंचा भाचा आणि अठरा माणसांना एकच शब्द! मी तुला नापासच केलं असतं, तू माझ्या शाळेत नव्हतास एवढंच.

ऐक. साहेब येणार म्हटल्यावर शाळेच्या भिंतीला जो चुना लावतात तो उत्साह. हुरूप आपोआप येत नाही, तो दुसऱ्यानं पाठ थोपटली की येतो. हे तुमच्या मॅडमना कुणीतरी सांगा. हौस माणूस पदरमोड करून भागवतो, तेव्हा कंपनीच्या फॉर्मात ती शोधू नये. खुमखुमी असलेला दिसला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. सगळं आपटून-धोपटून झाल्यावरही शिल्लक राहते ती उमेद. आणि चांदपाशांकडे आहे तो उरक. उरक असलेल्याला टाळ्या वाजवायला हात मोकळे नसतात.

टाळ्यांत जो सर्वांत पुढे असेल त्याला लिही, 'उत्साह उतू जातो'. ओटा कुणी पुसायचा ते लिहू नकोस.

शेऱ्यांचा एवढा बाऊ कसला करतोस? चाळीस प्रगतिपुस्तकं मी एका दुपारी हातावेगळी करायचे, चहा गार व्हायच्या आत.

पोटभर जेवत जा आणि आत्याला विसरू नकोस.
तुझी मनकर्णा आत्या

बजाजनगर,
२४ मार्च २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शब्दांना यश आलं, अभिनंदन. टाळ्यांत ऋतुराज पुढे असतो, येऊन जेमतेम सात महिने झालेत. त्याला मी 'उत्साह उतू जातो' लिहिलं. मोठ्या साहेबांनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या आणि त्याला कायम केलं. टोमणा मारायचा तर समोरच्याला तो लागायला हवा, हे आपण दोघंही विसरलो.

चांदपाशांना 'उरक दांडगा' लिहिलं होतं. उरकासाठी फॉर्मात रकाना नाही, म्हणून साहेबांनी त्यांना बोलावून सरळ विचारलं, की तुमच्यात उत्साह आहे का. मी दाराशीच होतो. हो म्हणायला काय जात होतं? ते शांतपणे म्हणाले, की नाय साहेब, सातवीला बाईंनी लिहूनच दिलं व्हतं तसं, ते वाचून अब्बांनी शाळा बंद केली. साहेबांनी दहापैकी दोन गुण दिले.

मला लई राग आलाय आत्या. कोण ही थोर बाई? पडेगावातलीच असेल, तुझ्या ओळखीची निघाली तर माझ्याकडून तिला शाल-श्रीफळ दे.

सप्टेंबरात आणखी एक जागा निघेल म्हणतात. तोवर माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा सत्यम

पडेगाव,
२७ मार्च २०२५

चि. सत्यमास,
अ. उ. आ.

शाल-श्रीफळ माझ्याच पत्त्यावर पाठव.

दाढी पांढरी झालेल्या माणसात मला तो पोरगा दिसला नाही. त्यानं मात्र मला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं आणि तरी महिनाभर माझी पत्रं वाहिली. काल त्याला विचारलं, तर म्हणाला की तुम्ही बाई, तुम्हाला कसा इसरीन. प्रगतिपुस्तक त्यानं रेशनकार्डासोबत जपून ठेवलंय. आज घेऊन आला. अक्षर माझंच. 'मुलगा बरा, पण उत्साह नाही.' वर्गात पेंगायचा म्हणून मी लिहिलं. पहाटे चारला उठून, म्हशींची धार काढून, घरोघर दूध घालून तो शाळेत यायचा, हे मला काल कळलं. तेव्हा विचारायला एक मिनिट लागलं असतं. पण माझा चहा गार होत होता.

मला फार लाज वाटली, सत्यम. लाल पेन काढून त्याच्यासमोर तो शेरा खोडला आणि खाली लिहिलं, 'कामाचा उरक असलेला, उमेदीचा मुलगा. पुढे शिकवावा.' त्यानं दोनदा वाचलं. सही करून मी आजची तारीख टाकायला लागले, तर म्हणाला की बाई, तारीख तवाची टाका.

साऱ्या नोकरीत मी कागदावर खोटी तारीख टाकली नव्हती. आज टाकली.

प्रगतिपुस्तक पत्रासोबत पाठवते आहे. सप्टेंबरच्या फॉर्माला जोड. रकाना नसेल तर पाडून घे. पाकीट या वेळी चिकटवलेलं नाही.

आत्यावर राग धर, पण येणं सोडू नकोस.
तुझी मनकर्णा आत्या