एकोणपन्नास जणांचा तक्ता

कोल्हापूर,
९ जानेवारी २०२५

प्रिय जोया,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे खुशाल असाल. खतिजाभाभींचे गुडघे थंडीत फार दुखतात का? दस्तगीरभाईंचं गॅरेज अजून तिथंच आहे ना? माझी गाडी हल्ली सकाळी सुरू व्हायला नखरे करते, त्यांना एकदा दाखवायला हवी.

एवढं विचारायला कोणी पत्र लिहीत नाही, हे तुलाही कळतंय.

सोमवारी राजारामपुरीत झेरॉक्स काढायला आले, तर काउंटरवर तू. शाळेच्या पन्नाशीच्या स्मरणिकेसाठी मी दहावीच्या निकालांचा स्तंभालेख केला होता. मशीनवर ठेवायच्या आधी तू तो बघितलास आणि तुझ्या वर्षाच्या शंभर टक्क्यांच्या स्तंभावर बोट ठेवून म्हणालीस, "बाई, ह्यात मी कुठं हाय?" मी घाईत आहे म्हणून निघाले. घाई कसलीच नव्हती. घरी येऊन शेंगा सोलत बसले.

तू नववीत असताना असाच आलेख मी तुझ्याकडून काढून घेतला होता, तुझा हात सुबक म्हणून. शाळेचा निकाल ब्याण्णव टक्के, आदल्या वर्षीचा शहाऐंशी. तू शून्यापासून आकडे घातलेस, दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे दिसले. हेडसरांना ते बेचव वाटलं. मी तुला सगळं खोडायला लावलं आणि ऐंशीपासून सुरुवात करायला सांगितली.

"आसं केल्यावर आदल्या वर्षीची पोरं निम्मीच हुशार दिसत्यात की, बाई," तू म्हणालीस. मी तुला गप्प बस म्हणाले. स्तंभ शून्यापासून उभे करायचे, हे वर्गात मीच शिकवलं होतं.

पुढच्या वर्षी हेडसरांना शंभर टक्केच हवे होते. कच्च्या मुलांना शाळेतून काढून बाहेरून परीक्षेला बसवायचं, म्हणजे ती शाळेच्या निकालात मोजली जात नाहीत. त्यांनी यादी मागितली. सहा नावं मी लगेच दिली. "चाळीसच्या आतलं कोण ठेवू नका," सर म्हणाले. सातवं नाव तुझं.

तुझ्या वडिलांना, दस्तगीरभाईंना, मीच बोलावलं. पोरीला झेपणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी दारातच हाताचं ग्रीस पुसलं आणि सही केली. "बाई, तुम्ही म्हणतायसा म्हंजे बरोबरच आसंल."

जोया, चाचणीत गणितात तुला सदतीस होते. पस्तीसला पास असतं. तुझी उत्तरपत्रिका तेव्हा माझ्या पिशवीतच होती, ती मी बाहेर काढली नाही.

बाहेरून बसलीस, गणित राहिलं. नंतर तू ते पुन्हा दिलंच नाहीस, असं तुझ्या बहिणीकडून, अफसानाकडून कळलं. सरांचा दबाव होता हे खरं, पण यादी माझ्या अक्षरात आहे. मला फार लाज वाटते.

काल मी नवा तक्ता केला. तुझ्या वर्षी पटावर एकोणपन्नास, शाळेतून बसले बेचाळीस, उत्तीर्ण बेचाळीस, काढून टाकलेले सात. आलेखही शून्यापासून. हेडसरांनी छापायला नकार दिला आणि मला स्मरणिका समितीतून काढलं. निवृत्तीला चार महिने राहिलेत, अजून काय करायचं ते करू देत.

शनिवारी मी तुझ्या दुकानात येणार आहे. पन्नास प्रती हव्यात, कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या फाटकात उभी राहून वाटीन. गणिताला पुन्हा बसणार असलीस, तर रोज संध्याकाळी शिकवायला येईन. नको म्हणालीस तरी चालेल, तुझा तो हक्क आहे.

तक्ता सोबत आहे. सात जणांची नावं घातलेली नाहीत. दस्तगीरभाईंना हे पत्र वाचून दाखव, नाहीतर मी येऊन सांगते. प्रती काढायच्या आधी आकडे तू तपास. काही खोटं वाटलं तर पेनने खोड, या वेळी मी गप्प बस म्हणणार नाही.

तुझे सदतीस गुण लपवणारी,
संयोगिताबाई