तिसऱ्या वळणापर्यंत

आधी भांडण, बाकीचं नंतर. तीन आठवड्यांत मी तुला अकरा फोन केले आणि अकराही वेळा तू "आजी, सरावाला निघालेय, मग बोलते" म्हणालीस. तुझं ते 'मग' कुठल्या वारी येतं तेवढं सांगून ठेव, म्हणजे त्या दिवशी मी चुलीला सुट्टी देऊन फोनपाशी बसते. आईशी बोलतेस, मामाशी बोलतेस, पायाचे व्यायाम करून घेणाऱ्या त्या बाईशी तर अर्धा अर्धा तास बोलतेस. मीच काय घोडं मारलंय? म्हणून हे पत्र. पत्राला 'मग' म्हणता येत नाही. आई गुरुवारी तिकडे येतेय, तिच्या पिशवीत टाकते. डिंक लावून बंद करणार आहे. तिने आधी वाचलं तर ते तुझ्यापर्यंत पोचायचं नाही.

प्रिय नाकतोड्या,

चार इयत्ता शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नाक मुरडू नकोस. जिथे लागत नाही तिथे दोनदा वाच. एका बैठकीत वाच आणि शेवटपर्यंत वाच, मधेच रागावून ठेवून देऊ नकोस. रागावायची जागा पुढे आहे, ती मीच दाखवीन.

परवा मामाने तुझ्या सरावाचा व्हिडिओ दाखवला. त्याला वाटलं, म्हातारी खूश होईल. मी चार वेळा बघितला. चढावर पाय झकास फिरतायत, दोघींना मागे टाकलंस, मांडीत सळई घातलीय असं कुणी म्हणणार नाही. मग उतार लागला. मामा आपला "कसली सुटलीय बघ, कसली सुटलीय बघ" करतोय. मी तुझी बोटं बघत होते. एकतीस वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवल्या मी, मला माणसाच्या चेहऱ्याआधी बोटं दिसतात. वळण नाही, दगड नाही, सरळ वाट आहे आणि तू दर पाच-सात हातांवर ब्रेक दाबतेस. थांबायला नाही दाबत. लागतोय की नाही ते बघायला दाबतेस. ज्या जिन्यावरून एकदा पडलं त्याची प्रत्येक पायरी माणूस अंगठ्याने चाचपतं, तसं. मधल्या खडीवर दाबलास तेव्हा मागचं चाक सरकलं, आणि मामा तिथेही टाळी वाजवत होता.

आईने तोंड आवळून ठेवलं होतं, पण माझ्यापुढे तिचं किती टिकणार. कोपर सोलवटून घेतलंस ते तिथेच ना? तेही तिने सांगितलं, आणि ब्रेकला तू कुणाला हात लावू देत नाहीस तेही. रोज संध्याकाळी स्वतः उघडतेस, स्वतः बसवतेस, परत उघडतेस. प्रशिक्षकाने नवा कारागीर दिलाय, तर त्याच्याकडे पाठ करून बसतेस. अगं, तू सायकल चालवण्यात हुशार आहेस, उघडण्यात नाहीस. लहानपणी माझं घड्याळ उघडलं होतंस, ते अजून डब्यात आहे.

रविवारच्या निवडीच्या शर्यतीला तू पडलीस तोच डोंगर आहे हे मला कुणी सांगितलं नाही, मी मामाच्या फोनवर नकाशा बघून ओळखलं. तोच चढ, तोच माथा, खाली उतरताना तीच तीन वळणं. पहिल्या चौघींत आलीस तर संघात, नाही आलीस तर पुढच्या वर्षी तुला कोण विचारतंय. वयाचा हिशेब मलाही कळतो. पण मला संघाची काळजी नाही. तिसऱ्या वळणावर खडी आहे आणि तू तिथे नको त्या वेळी ब्रेक चाचपणार आहेस, काळजी आहे ती त्याची.

आता कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकाविषयी. त्याचं नाव काढलं की तुझ्या कपाळाला आठी पडते, पडू दे. तू आठ वर्षांची होतीस तेव्हा त्याने दोरीने तुझे पाय मापले होते आणि मला म्हणाला होता, "मावशी, ही पोरगी आहे की नाकतोडा?" ते नाव त्याने ठेवलंय, मी नाही. दर तीन महिन्यांनी सीट बोटभर वर करायचा आणि दाराच्या चौकटीवर खडूने रेघ मारायचा. पुढे मोठ्या सायकली आल्या, क्लब आला, तेव्हा तूच प्रशिक्षकाजवळ हट्ट धरलास की माझी सायकल काकाच बघणार. सहा वर्षं त्याने आधी तुझी सायकल बघितली आणि मग स्वतःचं दुकान उघडलं.

आणि मग तो हॉस्पिटलचा बोळ. तू आत होतीस, तुला ते ऐकीव माहीत आहे, मी तिथे बसले होते. प्रशिक्षक आला आणि म्हणाला, ब्रेकच्या पट्ट्यांना तेल लागलेलं सापडलं. सगळ्यांनी काकाच्या हातांकडे पाहिलं. त्याचे हात काळेच असतात, लग्नातसुद्धा काळेच होते म्हणे. तो म्हणाला, "मी नव्या पट्ट्या टाकल्या, स्पिरिटने पुसून दिलं होतं." दुसऱ्यांदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही. तुझी आई उठली आणि त्याला काय काय बोलली ते मी लिहीत नाही, माझीच लेक आहे. "माझ्या पोरीच्या अंगाला परत तुमचा हात लागायला नको" हे शेवटचं. तो आणलेली फळांची पिशवी बाकावर ठेवून गेला. क्लबने आठवड्यात त्याला काढलं. तू शुद्धीवर आल्यावर तुला तेच सांगितलं आणि तू भिंतीकडे तोंड केलंस. चौदा महिने झाले, त्याच्या दुकानावरून जाताना तू रस्ता ओलांडतेस.

मी त्या बाकावर तुझं हेल्मेट मांडीवर घेऊन बसले होते. 'तेल' हा शब्द ऐकला त्याच क्षणी मला कळलं होतं.

आता रागावायची जागा आली. आमच्या कारखान्यात शिस्त होती. सुट्टीच्या भोंग्याआधी मशीन पुसायचं, भोकाभोकात तेलाचा थेंब सोडायचा, चाक हाताने फिरवायचं. मशीन कुरकुरलं तर मुकादम सगळ्यांसमोर नाव घेऊन बोलायचा. एकतीस वर्षं माझं मशीन एकदाही कुरकुरलं नाही. ती सवय हाडात गेलीय. घरातल्या बिजागऱ्या, पंखा, सगळ्याला मी तेल घालते; आईचा वरवंटा फिरता असता तर त्यालासुद्धा सोडलं नसतं. तुझ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी काकाने सायकल आणून व्हरांड्यात लावली. तू पाठीवर लावायचा नंबर आणायला गेली होतीस. मी झाडायला म्हणून सायकल सरकवली, तर पुढचं चाक किंचाळलं. मला वाटलं, एवढा मोठा कारागीर आणि एवढं विसरला. शिवणमशीनच्या तेलाची कुपी आणली आणि चाकाच्या मधोमध तो भोकाभोकांचा गोल पत्रा असतो, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी तीन तीन थेंब सोडले. पुढच्या चाकाला आणि मागच्याही. हाताने फिरवलं. आवाज गेला. वरचं तेल पदराने पुसलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा टाकला.

तो पत्रा कोरडा ठेवायचा असतो आणि त्याच पत्र्याला धरून ब्रेक लागतो, हे मला कसं माहीत असणार. विचारता आलं असतं. पण विचारलं तर ती मी कसली. दुसऱ्या दिवशी सायकल गाडीत घालून नेली, शर्यत सुरू झाली ती चढानेच, अर्धा तास कुणाला ब्रेकची गरज पडली नाही. माथ्यावरून खाली सुटलीस तेव्हा पडली.

गप्प का बसले, ते विचारशील. पहिल्या दिवशी वाटलं, पोरगी वाचू दे, मग सांगते. वाचलीस तर वाटलं, पाय टेकू दे, मग सांगते. मी तुला काखेत धरून जिना चढवत होते आणि तू मला शिव्या घालत होतीस आणि दर पायरीला मी म्हणत होते, पुढच्या पायरीला सांगते. तुझ्या आईला मी भीत नाही, ती आठवडाभर आदळआपट करील आणि थांबेल. तू माझ्या हातचं पाणी पिणार नाहीस याला भ्यायले. त्यासाठी एका भल्या माणसाचं नाव जाऊ दिलं. हे लिहिताना मला रडू वगैरे आलेलं नाही. लाज आलीय, ती वेगळी असते आणि ती रडून जात नाही.

सोमवारी सकाळी मी काकाच्या दुकानात गेले आणि हे सगळं त्याच्या तोंडावर सांगितलं. त्याने मला बस म्हटलं नाही. हातातलं चाक सरळ करत होता, ते करतच राहिला. मग म्हणाला, "किती थेंब?" मी म्हटलं, एका बाजूला तीन. "दोन्ही चाकांना?" हो म्हटलं. तेव्हा त्याने चाक खाली ठेवलं. म्हणाला, "मावशी, तुम्ही चौदा महिने माझी भाकरी काढून घेतलीत, ते मी विसरणार नाही. पण मग त्या दिवशी त्या सायकलला ब्रेकच नव्हते. ब्रेक नसताना ती माथ्यावरून सुटली, पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं आणि तिसऱ्याचंही निम्मं घेतलं. कुठल्या पोरीला जमेल? मला तर वाटत होतं, अर्धामुर्धा ब्रेक लागत असेल." त्याच्या आवाजात काय होतं ते मला सांगता येणार नाही, तू त्याला जास्त ओळखतेस. मी म्हटलं, रविवारच्या आधी जाऊन तिची सायकल बघशील? तर म्हणाला, "तुमच्या सांगण्यावरून नाही. तिच्या आईच्या तर नाहीच. तिने स्वतः बोलावलं तर शुक्रवारच्या संध्याकाळच्या गाडीने निघतो." एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. माझ्याशी बोलायचं की नाही ते शर्यत झाल्यावर ठरव, जन्मभर नाही बोललीस तरी तक्रार करणार नाही. मला उत्तर पाठवू नकोस, मला नकोच आहे. उत्तर काकाला द्यायचं. तू द्यायचं, तुझ्या आवाजात, आईच्या नाही की मामाच्या नाही, आणि शुक्रवारी दुपारच्या आत.

तुझीच, ठेवून घेतलीस तर,
आजी